तो अभ्यास खरा, सल्ला शिळा

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. 'हिपॅटायटिस सीच्या औषधांनी मळमळतंय? थोडा गांजा घ्या. अमेरिकेत सिद्ध झालंय, गांजा घेणारे तिप्पट बरे होतात. नैसर्गिक आहे, लिव्हरला काही होत नाही. आपल्या आयुर्वेदात तर आधीपासूनच आहे.'

'तिप्पट' हा आकडा हवेतला नाही, हे आधीच कबूल करतो. २००६ साली कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिपॅटायटिस सी म्हणजे लिव्हरला ग्रासणाऱ्या विषाणूचा आजार. त्याचे रुग्ण ७१, सगळे व्यसनातून बाहेर पडू पाहणारे. त्यातले २२ जण उपचार चालू असताना गांजा घेत होते. त्यांच्यातले ५४ टक्के विषाणूमुक्त झाले, न घेणाऱ्यांतले १८ टक्के. पण गांजाने विषाणू मारला असं संशोधकांनी म्हटलेलंच नाही. त्या काळचा उपचार म्हणजे दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, तेही सहा महिने किंवा वर्षभर. ताप, अंगदुखी, मळमळ, नैराश्य, अन्नावरची वासनाच उडालेली. कितीतरी लोक मध्येच सोडून द्यायचे. गांजा घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के टिकून राहिले, बाकीच्यांपैकी ५९. फरक बहुधा तिथेच पडला. शिवाय कुणी घ्यायचा नि कुणी नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जे घेत होते ते आपल्या मनाने घेत होते. आणि होते किती, तर २२.

मेसेज लिहिणाऱ्याने आकडा उचलला, इंटरफेरॉन मात्र वगळलं. खरी गोम इथे आहे. २०१३च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर या नव्या गोळीला मान्यता मिळाली आणि हा उपचारच पालटला. आता बहुतेकांना १२ आठवडे तोंडाने घ्यायच्या गोळ्या पुरतात, आणि १०० पैकी ९५च्या आसपास लोक बरे होतात. आपल्याकडे जेनेरिक गोळ्या मिळतात. २०१८च्या जुलैपासून हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत त्या मोफतही आहेत. मळमळ झालीच तर सहसा सौम्य. ज्या त्रासावर हा उतारा सुचवलाय, तो त्रास औषधासोबतच मागे पडला.

'लिव्हरला काही होत नाही.' गांजातली द्रव्यं पचवायची कुणी? लिव्हरनेच. सीबीडी हे गांजातलंच एक द्रव्य. त्याच्या मोठ्या डोसने रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स वाढतात, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण दिसते, ही सूचना अपस्माराच्या सीबीडी औषधावरच आहे. रोज गांजा ओढणाऱ्या हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत लिव्हर जास्त निबर होतं, असं २००५च्या एका फ्रेंच अभ्यासात दिसलं. २०१३च्या कॅनडातल्या अभ्यासात तसं दिसलं नाही. म्हणजे 'नक्की बिघडतं' असं मीही म्हणणार नाही. पण 'काही होत नाही' हे कशाच्या जोरावर? सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी निबर होत जाण्याचा आजार, पुढे गेला असेल तर रुग्ण आधीच गुंगीत जाऊ शकतो. त्यावर नशा चढवली तर गुंगी रोगाची की गांजाची, हे घरच्यांना कळणार कसं?

मळमळीवर उपयोग होतो का? होतो. गांजातल्या नशेच्या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेल्या ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या औषधांना अमेरिकेत १९८५ सालीच मान्यता मिळाली, केमोथेरपीच्या उलट्यांसाठी. पण ती मोजून दिलेली कॅप्सूल असते, चिलीम नव्हे. उलट वर्षानुवर्षं भरपूर गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना त्यानेच न थांबणाऱ्या उलट्या होतात. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. तासन्‌तास गरम पाण्याने आंघोळ केली की त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

आयुर्वेदाचं म्हणाल तर तिथे विजया, म्हणजे हीच वनस्पती, आहे, पण शोधन म्हणजे शुद्धीकरण करून आणि वैद्याच्या देखरेखीखाली. टपरीमागे मिळते ती पुडी म्हणजे विजया नव्हे. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसतं पान गांजात मोडत नाही, फुलोरा मोडतो, आणि तो जवळ बाळगणं गुन्हा आहे.

लिव्हरच्या रुग्णाला मळमळ होत असेल तर ती आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. नेहमीच्या उलटीच्या गोळ्यांपैकीही काही खराब लिव्हरला चालत नाहीत, काहींचा डोस कमी करावा लागतो. उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.