‘स्वतः वाढा, क्लायंट आपोआप येतील’ हे तरुण समुपदेशकांना सांगू नका

गेल्या महिन्यात माझ्याकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी समुपदेशकापुढे मांडून शिकायला, येणाऱ्या एका तरुण समुपदेशक मुलीनं नोंदींची वही उघडलीच नाही. म्हणाली, “ताई, माझ्याच आत काहीतरी अडकलंय बहुतेक. सहा महिन्यांत तीन क्लायंट मधेच सोडून गेले.” एम.ए. होऊन तिला दोन वर्षं झालीत, मेहनती आहे, माणसांविषयी माया आहे. हा विचार तिच्या डोक्यात कुठून आला ते मला लगेच कळलं, कारण तोच मजकूर माझ्याही फोनवर चार ग्रुपमधून आला होता.

मजकूर थोडक्यात असा: थेरपिस्टनं आधी स्वतःला बरं करावं. तो आतून वाढला की त्याचे ‘आयडियल क्लायंट’ आपोआप त्याच्याकडे ओढले जातात. नकोसे क्लायंट येत असतील तर तो त्याच्याच न सुटलेल्या गाठींचा आरसा. तो स्वतः जिथवर पोचला, तिथवरच दुसऱ्याला नेऊ शकतो. आणि स्वतःची किंमत कळली की फी वाढवावी, मग मनापासून काम करणारेच येतात.

थेरपिस्टनं स्वतःवर काम करावं याला माझा विरोध नाही. मी स्वतः अनेक वर्षं थेरपी घेतली आहे. पण त्या कामाचा संबंध क्लायंट मिळण्याशी जोडला की नुकसान होतं, आणि ते मी समोर बसून पाहिलं आहे. म्हणून एकेक दावा घेते.

“आपोआप ओढले जातात.” नाशिकमध्ये अठरा वर्षं मी हे काम करते आहे. माझ्याकडे माणसं कशी आली? सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून. शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं म्हणून. नणंदेला गुण आला होता म्हणून. एक आजी तर केवळ माझी खोली बसस्टँडपासून चालत येण्याजोगी आहे म्हणून आल्या. माझं मन त्या वर्षी कुठल्या अवस्थेत होतं, हे यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. आणि ही झाली खासगी प्रॅक्टिस. कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाला, पोलिसांच्या भरोसा सेलमधल्या ताईंना, ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन घेणाऱ्याला समोरचा माणूस निवडताच येत नाही. त्यांची वाढ झालेली नाही, असं म्हणायचं का?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ही माणसं थांबली आहेत ती पैशांपायी, अंतरापायी, लोक काय म्हणतील या धास्तीपायी. आपल्याला जे होतंय त्यावर इलाज असतो हेच कित्येकांना माहीत नसतं. त्यांच्यापर्यंत आपल्यालाच जावं लागतं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगात तेच झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रात इतर तक्रारी घेऊन आलेल्यांना प्रश्नावली विचारून तीव्र नैराश्य असलेले रुग्ण शोधले गेले. त्यांच्याशी बोलणारे समुपदेशक स्थानिक होते, या क्षेत्रातलं आधीचं शिक्षण नसलेले, पण नीट तयार केलेले. सहा ते आठ सेशन झाली. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर फक्त आरोग्य केंद्रातले उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. २०१७ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथे कुणी कुणाकडे ओढलं गेलं नव्हतं.

“नकोसे क्लायंट म्हणजे तुमचाच आरसा.” सगळ्यात जास्त इजा या वाक्यानं होते. त्या मुलीचे तीन क्लायंट आम्ही एकेक करून पाहिले. एकीच्या नवऱ्यानं पैसे देणं थांबवलं होतं. दुसऱ्याची बदली झाली होती. तिसरी केस मात्र तिच्या हातून निसटली होती, आणि नोंदींत ते स्पष्ट दिसत होतं. क्लायंटनं आईच्या जाण्याचा विषय काढला, आणि हिनं दोनच मिनिटांत विचारांच्या नोंदीचा तक्ता (मनात आलेले विचार लिहून तपासायचा थेरपीतला कागद) पुढे केला. ही घाई होती. घाई शिकून कमी होते. त्यासाठी आपण माणूस म्हणूनच कुठेतरी सडलो आहोत असं मानायची गरज नाही.

आणि ‘नकोसे’ ठरतं कोण? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम स्कोफिल्ड यांनी १९६४ सालीच दाखवून दिलं होतं की थेरपिस्टना आवडणारा क्लायंट ठरावीक साच्याचा असतो: तरुण, आकर्षक, बोलका, हुशार, यशस्वी. आजच्या ‘आयडियल क्लायंट’चं वर्णन वाचा, तोच माणूस भेटेल. वेळेवर येतो, मनातलं नेमक्या शब्दांत मांडतो, पूर्ण फी भरतो. “डोकं धरतं, छातीत धडधडतं” याच्या पलीकडे ज्या बाईला काही सांगता येत नाही, जिच्या वतीनं नवराच उत्तरं देतो, ती त्या यादीत बसत नाही. खरं तर तिच्यासाठीच आपण शिकलेलो असतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक द्राक्ष बागायतदार यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बायकोनं जवळजवळ ओढूनच आणलं होतं. भावनांविषयी विचारलं की मान खाली. चौथ्या सेशनला मी हरल्यासारखी होऊन बागेविषयी विचारलं. मग ते खरड छाटणी म्हणजे काय, गोडी छाटणीनंतर पाऊस आला तर काय होतं, हे मला समजावू लागले. पाऊण तास बोलले. घड कुजण्याविषयी बोलता बोलता सोसायटीच्या कर्जावर आले आणि तिथे त्यांचा आवाज फुटला. माझ्या स्वतःच्या थेरपीत जे मला कधी शिकायला मिळालं नव्हतं, ते त्या माणसानं शिकवलं: बोलणं माणसाच्या भाषेतून सुरू करायचं, माझ्या नाही. ऑर्लिन्स्की आणि रॉनेस्टॅड या संशोधकांनी बऱ्याच देशांतल्या सुमारे ५,००० थेरपिस्टना त्यांची वाढ कशामुळे झाली ते विचारलं होतं. क्लायंटबरोबरचं काम सगळ्यात वर होतं. सुपरव्हिजन आणि स्वतःची थेरपी त्याखाली. म्हणजे तो मजकूर ही गोष्ट नेमकी उलटी सांगतो. वाढून क्लायंट मिळत नाहीत, क्लायंटमुळे आपण वाढतो, आणि अवघड क्लायंटमुळे तर जास्तच.

आपल्याला न झेपणारी केस पुढे पाठवणं ही वेगळी गोष्ट. कुणाला भास होत असतील तर मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करते. तिथे प्रश्न माझ्या प्रशिक्षणाच्या मर्यादेचा असतो. आवडीनिवडीचा नाही.

“जिथवर पोचला, तिथवरच नेऊ शकतो.” या वाक्याचं मूळ जुनं आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं १९१० मध्ये म्हटलं होतं की विश्लेषकाच्या (मनोविश्लेषण करणाऱ्याच्या) स्वतःच्या गंडांपलीकडे, म्हणजे मनातल्या गाठींपलीकडे, त्याचं काम जात नाही, आणि १९३७ मध्ये तर दर पाच वर्षांनी विश्लेषकानं पुन्हा स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं असं सुचवलं. १९२० साली बर्लिनमध्ये निघालेल्या मनोविश्लेषणाच्या संस्थेत शिकाऊ विश्लेषकाचं स्वतःचं विश्लेषण हा प्रशिक्षणाचा भागच झाला. त्यामागची चिंता मला पटते. माझ्या वडिलांविषयीचा राग मला दिसत नसेल तर समोरच्याच्या वडिलांना मी उगाच खलनायक करीन. पण हे डोळ्यावरचं झापड काढण्याविषयी आहे. माझं मूल गेलेलं नाही, तरी मूल गेलेल्या आईजवळ मी बसले आहे, आणि ती माझ्या पुढे गेली आहे.

नुसत्या वर्षांनीही हे काम सुधारत नाही. अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांचे ६,५९१ क्लायंट यांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. अनुभव वाढत गेला तसे परिणाम सरासरीनं किंचित उतरलेलेच दिसले. अर्धवट सोडून जाणारे मात्र कमी झाले होते. माझ्या मते फरक पडतो तो कुणीतरी आपलं काम ऐकण्यानं. गोव्यातले समुपदेशक एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे.

“फी वाढवा.” खोलीचं भाडं, पोटापाण्याचा खर्च, आठवड्यात झेपणारे तास, यावरून फी ठरते. योग्य फी घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जी बाई घरी कळू न देता भाजीच्या पैशांतून दोनशे रुपये साठवून येते, तिची तळमळ कमी आहे असं कुणी मला सांगू नये.

त्या मुलीनं तिसऱ्या क्लायंटला एक छोटा मेसेज पाठवला आहे, परत यावंसं वाटलं तर या, एवढाच. उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्या एका क्लायंटनं सेशन रेकॉर्ड करायला लेखी परवानगी दिली आहे. येत्या गुरुवारी ते आम्ही दोघी ऐकणार आहोत, आणि त्यानंतर माझं एक.