'बाईला निष्ठा नसते' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री आत्याचा फोन आला. आत्या गावच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे, महिला राखीव वॉर्डातून. तिच्याच दिराने तिला एक फॉरवर्ड पाठवलाय आणि खाली लिहिलंय, 'वहिनी, वाचा जरा.' त्यात म्हटलंय की टांझानियात चाडेमा या विरोधी पक्षाने 19 बायकांना आरक्षणातून खासदार केलं, त्या बायकांनी पक्षच सत्ताधाऱ्यांना विकला, बाईला स्वतः निवडून यायची ताकद नसते, खुर्ची मिळाली की निष्ठा राहत नाही, म्हणून आपल्याकडचं महिला आरक्षण बंद करा. आत्या विचारत होती, "असं झालंय का गं खरंच?" तिचा आवाज पडलेला होता, म्हणून हे लिहितेय.

आधी 'पक्षाने खासदार केलं' हे घ्या. साफ खोटं आहे. 28 ऑक्टोबर 2020 ला तिथे निवडणूक झाली, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुलींना 84 टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं, चाडेमाने निकाल मान्य केला नाही आणि वाट्याला आलेल्या, संसदेत महिलांसाठी राखलेल्या खास जागाही घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. तरी 24 नोव्हेंबरला डोडोमात 19 जणींचा शपथविधी झाला. पक्षाचे सरचिटणीस जॉन म्नयिका म्हणाले आम्ही यादी पाठवलेलीच नाही, आणि तीन दिवसांत पक्षाने सगळ्यांना काढून टाकलं. आता टांझानियाचं संविधान उघडून बघा. कलम 78 प्रमाणे या जागांसाठी नावं पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायची असतात, आणि कलम 71 प्रमाणे पक्षाचं सदस्यत्व गेलं की खासदारकी जाते. मग पक्ष यादी दिली नाही म्हणतोय तर आयोगाकडे नावं कुठून आली, आणि काढून टाकल्यावरही त्या 2025 पर्यंत संसदेत कशा बसल्या? शपथ देणारे स्पीकर जॉब न्दुगाई पुरुषच होते ना, त्यांचं नाव फॉरवर्डमध्ये का नाही?

हां, एवढं मान्य करते की त्या 19 जणी पक्षाचा निर्णय मोडून गेल्या, त्यांच्या पुढे पक्षाच्या महिला आघाडीची, बावाचाची, अध्यक्ष हलिमा म्डी स्वतः होती, आणि ज्या कार्यकर्त्यांनी त्या निवडणुकीत मार खाल्ला त्यांना हे किती लागलं असेल. मला ते आवडलेलं नाही.

पण 'निवडून यायची ताकद नसते'? ही म्डी 2005 मध्ये खास जागेवरून संसदेत आली आणि 2010 ला दार एस सलामच्या कावे मतदारसंघातून थेट लढून जिंकली, 2015 ला परत जिंकली. एस्तेर बुलाया आधी सत्ताधारी पक्षाची खास जागेवरची खासदार होती, 2015 ला चाडेमात आली आणि बुंडात स्टीफन वासिरांसारख्या जुन्या मंत्र्याला तिने हरवलं. एस्तेर मातिको तारिमे शहरातून निवडून आली, आणि 2018 च्या नोव्हेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत पक्षाध्यक्ष म्बोवेंसोबत तुरुंगात होती. या तिघी त्या 19 मधल्याच आहेत! आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 2020 च्या त्या निवडणुकीत अख्ख्या देशात चाडेमाला मतदारसंघातून एकच जागा मिळाली, न्कासी उत्तर, आणि ती जिंकली आयदा खेनानीने. बाईने. पक्षाचे मोठमोठे पुरुष नेते पडले तेव्हा.

निष्ठेचं म्हणाल तर याच पक्षातल्या पुरुषांची यादी वाचा. विल्ब्रॉड स्लाआ, 2010 चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, 2015 ला पक्ष सोडला, नंतर मागुफुलींनी त्यांना राजदूत केलं. एडवर्ड लोवासा 2015 ला सत्ताधारी पक्षातून येऊन चाडेमाचे उमेदवार झाले आणि 2019 ला परत गेले. माजी पंतप्रधान सुमाये, तेही आले आणि गेले. म्वीता वाईतारा चाडेमाचे खासदार होते, पक्ष बदलून उपमंत्री झाले. यांच्यावरून 'पुरुषाला निष्ठा नसते, पुरुषांना तिकीट देऊ नका' असा फॉरवर्ड कोणी काढला का?

राहिलं आपलं आरक्षण. तिथल्या खास जागांना मतदारसंघच नाही, पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात यादीतून नावं जातात, त्यामुळे त्या बाईला मतदारांना नाही तर यादी करणाऱ्यांना सांभाळावं लागतं. हा दोष खरा आहे. पण महाराष्ट्रात पंचायतीच्या राखीव जागेवर बाई दारोदार जाऊन मतं मागते, समोर दुसरी उमेदवार असते, लोक मत देतात तेव्हा ती बसते. 2023 च्या घटनादुरुस्तीतल्या लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागाही मतदारसंघाच्याच आहेत. म्हणजे ज्या दोषावर बोट ठेवलंय तो आपल्याकडे नाहीच.

फॉरवर्डच्या शेवटी 'बाई राष्ट्राध्यक्ष झाली तरी विरोधक तुरुंगातच' अशीही एक ओळ आहे. मागुफुलींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या समिया सुलुहू हसन यांच्या काळात चाडेमाचे नेते तुंडू लिस्सूंना 2025 ला देशद्रोहाच्या आरोपात अटक झाली आणि चाडेमाला निवडणुकीतून बाहेर ठेवलं, हे खरं आहे आणि वाईट आहे. पण त्याच लिस्सूंना 2017 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होतं? मागुफुली.

आत्याला सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिने आयदा खेनानीचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. दिराला उत्तर तीच देणार आहे, गावच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर.