दानीएलाच्या उपासानं कोणी बारीक झालं नव्हतं

‘प्रभूच्या नावात सलाम. ख्रिस्ती कन्येने आरशात काय पाहावे?’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज उपासकाळ (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) लागल्यापासून आपल्या मंडळीच्या ग्रुपांवर फिरतोय. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूलच्या शिक्षिका, कोणी सुटलेलं नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, फक्त ‘आमेन लिहा आणि अकरा बहिणींना पाठवा’.

परवा माझी धाकटी बहीण भाचीची संडे स्कूलची वही घेऊन माझ्याकडे आली. मुलगी दहावीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर तिनं पट्टीनं रेघा मारून तीन रकाने पाडलेत: तारीख, वजन, वचन. ज्या दिवशी काटा खाली आला नाही त्या दिवसापुढे स्तोत्र ५१. दाविदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र, व्यभिचार आणि खुनानंतरचं, आणि ही पोर ते कशासाठी म्हणतेय, तर दोनशे ग्रॅमसाठी. शाळेचा डबा रोज मैत्रिणीच्या पोटात जात होता. मी नर्स आहे आणि रविवारी मुलींचा वर्गही घेते, तेव्हा या मेसेजला उत्तर द्यायचं काम माझंच आहे.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते. शरीर हे देवाचं मंदिर, म्हणून जाड असणं हे पाप. उपाय म्हणजे एकवीस दिवसांचा ‘दानीएल उपास’, त्यात आठ किलो उतरतात. पापांची क्षमा झालेल्या मुलीचा चेहरा ‘बर्फासारखा’ उजळतो. उजळत नसेल तर प्रार्थना कमी पडतेय, आणि जोडीला एका बहिणीकडे मिळणारी ‘अभिषिक्त’ क्रीम लावावी. मुरूम आणि पाळीच्या तक्रारी हे गुप्त पापाचं फळ, त्यासाठी डॉक्टरकडे जाऊ नये. काजळ घालते ती ईजबेल (शास्त्रातली दुष्ट राणी), रूप राखते ती एस्तेर (पारसाची राणी झालेली यहूदी मुलगी). आणि शेवटी, ‘मी आहे तशी ठीक आहे’ हा विचार सैतानाचा, कारण प्रभूनं स्वतःला नाकारायला सांगितलंय.

उपास पहिला घेते, कारण आमच्या घरातली पोर त्यानंच आजारी पडलीये.

दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलात कैदी म्हणून नेलेली तरुण पोरं. राजाच्या ताटातलं अन्न खाऊन विटाळ नको, म्हणून ते भाजीपाला आणि पाणी मागतात. त्यांच्यावर नेमलेल्या सरदाराला भीती कशाची वाटते? ही पोरं वाळलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवेल, याची. मग दहा दिवसांची परीक्षा होते. आणि पंधरावं वचन सांगतं की दहा दिवसांनंतर हे चौघे राजाचं अन्न खाणाऱ्या सगळ्या पोरांपेक्षा दिसायला चांगले आणि अंगानं भरलेले निघाले. अंगानं भरलेले! देवानं त्यांना सांभाळलं याची खूण म्हणून शास्त्र त्यांच्या अंगावरचं मांस दाखवतं, आणि आपण तोच अध्याय पुढे करून वाढत्या मुलीची भाकरी काढून घेतोय. मेसेज लिहिणाऱ्यानं पंधराव्या वचनापर्यंत तरी वाचायचं होतं.

एकवीस हा आकडा दहाव्या अध्यायातला. तिथे म्हातारा झालेला दानीएल तीन सप्तकं शोक करतोय. मांस, मद्य आणि रुचकर अन्न त्यानं सोडलंय. त्यात वजनाचा विषयच नाही. आणि परमेश्वराला कसला उपास हवा हे यशयाच्या ५८ व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय: भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे. वाढत्या वयाच्या मुलीला भुकेली ठेव, असं त्यात कुठे आहे?

मंदिराचं वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं, एकोणिसावं. त्याच्या आधीची सात-आठ वचनं वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पत्र लिहिणारा प्रेषित पौल वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषांना झापतोय. ‘तुमचं शरीर तुमचं नाही, मोल देऊन विकत घेतलेलं आहे’ हे त्यांना उद्देशून आहे, आणि ते वापरलं जातंय कोणावर, तर ज्या मुलीला युनिफॉर्मचा स्कर्ट घट्ट होतोय तिच्यावर. पुरुषांना उद्देशून लिहिलेलं वचन उचलून मुलींच्या माथी मारायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे.

खादाडपणाविरुद्ध नीतिसूत्रांत वचनं आहेत, हे मान्य. बिस्किटं, वेफर्स, कोल्ड्रिंक कमी करा, रोज चाला, हे मीही मुलींना सांगते. पण देह बघून कोण खादाड आणि कोण संयमी हे ठरवता येत नाही. प्रत्यक्ष प्रभूला लोकांनी खादाड म्हटलं होतं, मत्तय अकरा. नवा राजा निवडायला गेलेला शमुवेलासारखा संदेष्टासुद्धा दाविदाचा थोरला भाऊ अलियाब याची उंची आणि रूप बघून फसला, आणि त्याच वेळी त्याला ऐकावं लागलं की माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

आता नर्स म्हणून बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. दहातल्या जवळपास सहा. याच वयात पाळी सुरू झालेली असते, हाडं भरत असतात, उंची वाढत असते. अशा वेळी अन्न तोडलं की शरीर आधी पाळी थांबवतं. मग केस पुंजक्यांनी गळतात, उन्हातही हातपाय गार पडतात, उठताना चक्कर येते, नाडी मंद होते. सुरुवातीला जे ‘उतरतं’ त्यात बरंचसं पाणी असतं, नंतर स्नायू झडतात. आणि काही मुलींच्या बाबतीत उपास एकविसाव्या दिवशी थांबतच नाही. खाण्याची भीती बसते, आणि तो मोठा आजार होतो, जिवावर बेतणारा. आजूबाजूचे मात्र ‘किती भक्तीत आहे पोरगी’ म्हणून कौतुक करत राहतात, म्हणून तो आपल्या घरांत उशिरा लक्षात येतो.

शुभवर्तमानात या वयाची एक मुलगी आहे. याईराची लेक, बारा वर्षांची. प्रभूनं तिचा हात धरून तिला उठवलं, ती चालू लागली, घरचे थक्क झाले. आणि मार्क पाचव्या अध्यायाचं शेवटचं वचन वाचा: हिला काहीतरी खायला द्या, असं त्यानं सांगितलं. मरणातून परत आणलेल्या मुलीविषयी त्याची आज्ञा ही होती. माझ्या वर्गात मी यापुढे दरवर्षी हा अध्याय घेणार आहे, आणि वर्ग सुटायच्या आधी मुलींना खायला घालणार आहे. आपल्या मराठी मंडळीचा वारसाही हाच आहे. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपासमारीनं खंगलेल्या मुलींना आणून केडगावला जगवत होत्या. त्याच महाराष्ट्रात आज प्रभूच्या नावानं मुलींना उपाशी राहायला शिकवलं जावं, याचा मला मनापासून संताप येतो.

आता गोरेपणा. हा मुद्दा इतका खोटा आहे की वाचताना माझा हात थरथरला.

‘तुमची पातके बर्फासारखी पांढरी होतील’ हे यशयाच्या पहिल्या अध्यायातलं वचन. त्याच्या लगेच आधी काय आहे? तुमचे हात रक्तानं भरलेत, अनाथाचा न्याय करा, विधवेचा कैवार घ्या. पांढरं व्हायचंय ते अन्यायानं माखलेल्या लोकांच्या पापांना. तिथे कातडीचा संबंधच नाही.

कातडी खरोखर बर्फासारखी पांढरी झाल्याची गोष्ट शास्त्रात आहे, पण ती गणनाच्या बाराव्या अध्यायात. मोशेनं कूशी स्त्री बायको केली होती. कूश म्हणजे मिसराच्या दक्षिणेचा मुलूख, आजचा सुदान. कूशी लोकांची कातडी वेगळ्या रंगाची हे यिर्मयाच्या काळीही सगळ्यांना ठाऊक होतं. मोशेची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन या बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलू लागले. त्यांची तक्रार रंगाची होती असं शास्त्र थेट म्हणत नाही, ती कूशी आहे एवढंच म्हणतं. परमेश्वराचा कोप भडकला, आणि मिर्याम कोडानं बर्फासारखी पांढरी झाली. सात दिवस तिला छावणीबाहेर राहावं लागलं. अलीशा संदेष्ट्याच्या चाकराचं, गेहजीचंही तसंच. लोभापायी खोटं बोलला आणि कोडानं बर्फासारखा पांढरा होऊन बाहेर पडला. म्हणजे आशीर्वादाची खूण म्हणून मेसेज मुलींना जे दाखवतोय, ते शास्त्रात दोनदा शिक्षा म्हणून येतं, आणि त्यातलं एकदा तर घरात आलेल्या परक्या मुलखातल्या सुनेला नावं ठेवल्याबद्दल. ‘मुलगी गुणी आहे, पण रंगानं जरा...’ असं लग्नाच्या बैठकीत म्हणणाऱ्या सगळ्यांनी गणना बारा एकदा मोठ्यानं वाचावा. गीतरत्नातली वधूही उन्हात द्राक्षमळे राखून सावळी झालेली आहे, ते ती स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि स्वतःला सुंदरही म्हणते.

आता ती क्रीम. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं डबी आणून दाखवली. पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर क्रूसाचं स्टिकर. घटक लिहिलेले नाहीत, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. त्या डबीत काय आहे हे मला डोळ्यांनी बघून कळणार नाही, आणि विकणाऱ्या बहिणीलाही बहुधा माहीत नसेल. पण अशा बेनामी क्रीममध्ये काय सापडत आलंय ते माहीत आहे: स्टिरॉइड किंवा पारा. स्टिरॉइडनं पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळ दिसतो, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात भाजते, लाल पडते, मुरूम उसळतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि क्रीम थांबवली की सगळं दुपटीनं उफाळतं. या प्रकारामुळेच २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइडांची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पारा तर मूत्रपिंडापर्यंत पोचतो. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात मांडला. त्यातल्या १५ जणांमध्ये त्या विकाराचा एक विशिष्ट, दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते. अभिषेकाचं नाव घेऊन कोणी ही जोखीम मुलीच्या गालावर फासत असेल, तर ती भक्ती नव्हे, गुन्हा आहे.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

मुरूम आणि अनियमित पाळी हे पापाचं फळ? योहान नऊ. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. मुरूम तेलग्रंथींमुळे येतात, पाळीच्या बऱ्याच तक्रारी संप्रेरकांमुळे, आणि दोन्हींवर उपचार आहेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलानं प्रार्थनेवर न थांबता थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं.

ईजबेलनं डोळ्यांत काजळ घातलं होतं, खरं. पण तिचा निवाडा झाला तो नाबोथाला खोट्या साक्षीवर मारून त्याचा मळा बळकावल्याबद्दल, संदेष्ट्यांच्या रक्ताबद्दल. आणि एस्तेर? बारा महिन्यांची तेलं आणि सुगंधद्रव्यं हा पारसाच्या राजाच्या जनानखान्याचा हुकूम होता. मुली गोळा करून आणल्या होत्या. त्याचा आदर्श काय घ्यायचा? एस्तेरनं उपास केला तो तीन दिवस, आपल्या लोकांचा जीव वाचवण्यासाठी.

प्रेषित पेत्रानं आपल्या पत्रात केस गुंफण्यावर आणि सोन्यावर लिहिलंय, त्यात तथ्य आहे, आणि मेसेजमधली ‘फोटोंच्या मागे लागू नका’ ही ओळही चुकीची नाही. फिल्टर लावलेल्या चेहऱ्याशी आपला खरा चेहरा ताडून बघत बसणाऱ्या मुली मी रोज बघते. पण एका हातानं फोटो सोड म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं वजनकाटा द्यायचा, याला काय अर्थ आहे?

राहता राहिलं स्वतःला नाकारणं. प्रभू ते वधस्तंभ उचलून मागे येण्याविषयी म्हणाला. त्याच प्रभूनं शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलं. जिला स्वतःचा तिटकारा शिकवलाय ती मुलगी शेजाऱ्याला काय देणार? माझ्या वर्गातल्या मुलींना मी रोज आरशात बघून ‘मी सुंदर आहे’ म्हणायला लावत नाही. काही दिवस नाही वाटत तसं, आणि ते पाप नाही. स्तोत्र १३९ म्हणतं की देवानं मला अद्भुत रीतीनं घडवलं. ते मनाला पटायची वाट न बघताही खरं आहे.

भाचीचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्या खाली आलंय. औषधं सुरू झालीत, समुपदेशकाकडे जाणं सुरू झालंय. वहीतली ती पानं तिनं अजून फाडलेली नाहीत, आणि आम्ही तिला फाड म्हणून सांगणारही नाही. ते तिनं ठरवायचं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर दानीएल १:१५ आणि मार्क ५:४३ पाठवावं. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगावं की अठरा वर्षांखालच्या कोणीही पालकांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्नाचा उपास करायचा नाही. चर्चच्या आवारात बेनामी क्रीमची विक्री थांबवावी. आणि ज्या घरातली मुलगी जेवण टाळतेय, सारखी वजन करतेय, जेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये राहतेय किंवा जिची पाळी तीन महिने आली नाही, त्या आईनं तिला दवाखान्यात न्यावं. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं.