‘२१ दिवसांत आमवात गायब’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला: ‘मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी, लिव्हर संपवते. बंद करा. मेथी, हळद, सुंठीचं चूर्ण २१ दिवस घ्या, आमवात मुळासकट जातो. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.’ माझ्या आत्याला आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा आजार) आहे. तिने असाच मेसेज वाचून दीड वर्ष गोळी बंद ठेवली. आता तिची बोटं करंगळीकडे कलली आहेत, पोळी लाटता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

‘कॅन्सरची गोळी’: औषध तेच, पण आमवातात आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. कर्करोगातले डोस याच्या कित्येक पट असू शकतात. घाबरायचंच तर चुकून रोज घेण्याला घाबरा, त्याने जीव गेले आहेत. गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

‘लिव्हर संपवते’: यकृताला त्रास होऊ शकतो, हे खरं. म्हणून तर ठरावीक काळाने रक्त तपासतात, सोबत फोलिक ॲसिड देतात, दारू टाळायला सांगतात. गर्भाला मात्र ही गोळी घातक आहे. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

‘२१ दिवस’: सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात आणि ती सोडल्यावर गुण ओसरायलाही वेळ लागतो. म्हणजे चूर्णाचे पहिले तीन आठवडे आधीच्या गोळीच्या जोरावर बरे जातात आणि श्रेय चूर्णाला मिळतं. शिवाय हा आजार मुळातच चढतो-उतरतो. आत्या तेव्हा म्हणाली होती, “अगं, सकाळी मूठ मिटते बघ!” पुढे सूज परतली. दुखणं कमी असतानाही आत सूज चालू राहू शकते, आणि एकदा हाड झिजलं की ते कुठल्याच औषधाने पूर्ववत होत नाही.

‘अपाय शून्य’: गुळवेलही नैसर्गिकच, पण ती घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, तरी काढा पिणाऱ्याने डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं.

जेवणातली हळद-मेथी खुशाल खा. गरम पाण्याचा शेक, रोजचा व्यायाम, सिगारेट सोडणं यांनी खरोखर फायदा होतो, तोही गोळी चालू ठेवून.

सगळ्यात जास्त भीती मला बिनलेबलच्या पुड्यांची वाटते. दोन दिवसांत सूज उतरवणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर ती स्वतःहून एकदम थांबवू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊनच लवकरात लवकर डॉक्टरांकडे जा.