वसुलीपुरतेच नेटवर्क

मंडळी, आज सकाळी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रातून मिळालेल्या उत्तराने डोके फिरले आहे. काल रात्रीच्या वादळात रावेर तालुक्यातील आमच्या गावात लाईनवर झाड पडून तारा तुटल्या, केळीचे बाग आडवे झाले, आप्पा रात्रभर ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसले. आणि फोनवर सांगण्यात आले, ‘सर, सिस्टीमवर तुमच्या गावाचा पुरवठा सुरू दिसतो आहे.’

मग नोंदी आपोआप कंपनीकडे पाठवणारे हे नवे स्मार्ट मीटर दारोदार बसवले कशासाठी? केंद्राच्या २०२१ च्या योजनेत देशभर असे २५ कोटी मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठरले. वीज जाताच मीटरने आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या क्षणभराच्या विजेवर ‘पुरवठा गेला’ असा शेवटचा निरोप पाठवावा, ही त्यातली खरी उपयोगाची सोय. हा निरोप एकतर मीटरमधल्या सिमवरून थेट टॉवरकडे जातो, नाहीतर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना रेडिओ लहरींवर एका मीटरकडून दुसऱ्याकडे जात खांबावरच्या पेटीत पोहोचतो आणि तेथून पुढे पाठवला जातो. पण अख्खे गाव एकाच क्षणी अंधारात गेले की निरोप पुढे देणारे शेजारचे मीटरही बंद पडतात, पेटीला बॅटरी नसेल तर तीही मुकी होते, आणि टॉवरची बॅटरी उतरली, वर जनरेटरमध्ये डिझेल नसले, की विषय संपला. आप्पांच्या मीटरचा निरोप यांपैकी कुठे अडकला, हे मला कोणी सांगू शकले नाही.

वीजगळती कोणत्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, होते ते यातून कळते आणि छतावरच्या सौर पॅनेलचा हिशेब नीट राहतो, हे मान्य. मीटरमध्ये नोंदी साठून राहतात व रेंज आल्यावर वर जातात, त्यामुळे बिल बुडत नाही, हेही खरे. माझा राग नेमका तिथेच आहे. बिलाची नोंद दोन दिवस उशिरा पोहोचली तरी कोणाचे काही अडत नाही, तुटलेल्या तारेची खबर मात्र त्याच मिनिटाला हवी असते; आणि आपल्याकडे उशीर चालेल अशा कामापुरतेच नेटवर्क उभारून सगळे मोकळे झाले आहेत.

फोनवरच्या मुलीवर मी चिडलो, पण तिच्यापुढच्या पडद्यावर जे होते तेच ती वाचत होती. आमच्या वायरमनला तर आप्पांनीच रात्री फोन लावला होता. तो बिचारा उजाडताच ओल्या खांबावर चढला आणि दहाच्या सुमारास लाईट आली. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार आहे ती वरच्या मजल्यावर बसून निविदा काढणाऱ्यांबद्दल. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर मीटर ठोकण्याआधी तिथे रेंज तपासा, खांबावरच्या पेटीला बॅटरी द्या, एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर दुसरीचा चालेल असे सिम घाला. हे खर्चाचे आहे म्हणाल, तर निदान एवढे तरी करा: ज्या गावातल्या मीटरकडून काहीच ऐकू येत नाही, त्या गावाचा पुरवठा पडद्यावर ‘सुरू’ दाखवू नका, ‘माहिती नाही’ असे दाखवा आणि तिथल्या वायरमनला फोन करा.