त्याची बंदी चालू आहे

सकाळी सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर रील. राणीच्या बागेतला पेंग्विन, पिसं विस्कटलेली, कोपऱ्यात गप्प उभा. वर लिहिलंय, 'मुंबईच्या उकाड्याने टक्कल पडलं'. खाली हसऱ्या तोंडांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे, पिसं बदलतायत त्याची! वर्षातून एकदा सगळी एकदम झडतात. नवी येईपर्यंत दोन-तीन आठवडे पाणी थेट कातडीपर्यंत शिरतं, म्हणून पाण्यात उतरत नाही. रानातला असेल तर तेवढे दिवस उपाशी, आधी साठवलेल्या चरबीवर.

मागे आजीला घेऊन गेले होते. तिचं अख्खं आयुष्य कोळीवाड्यात, मासळीच्या पाटीवर. काचेपाशी असाच एक उभा, छातीवर पिसांचे पुंजके, फाटक्या उशीतून कापूस यावा तसे. शेजारी एक गृहस्थ अंगठीने काच ठोकत होते, पोराला 'हलवून' दाखवायला. मी आजीला फोनवरून वाचून दाखवलं, का उभा आहे ते. ती त्या गृहस्थांना म्हणाली, "ठोकू नको रं बाबा. त्याची बंदी चालू हाय."

जून-जुलैत मासेमारी बंद, आपल्या होड्या किनाऱ्याला लागतात, तशी. एका शब्दात संपवलं म्हातारीने.

आणि ते 'बर्फ कुठंय, बर्फ कुठंय' बंद करा आता. हा हंबोल्ट पेंग्विन. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा, जिथे मागे वाळवंट आणि पुढे थंड प्रवाहाचा समुद्र. घरटं बर्फात नाही, पक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बीळ करून. ते थर माणसांनी खतासाठी खरवडून नेले. खातो अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण. एल निनोत पाणी तापलं की ती मासळी दूर, खोल जाते आणि हे उपाशी मरतात. हे सांगितल्यावर आजी बराच वेळ बोलली नाही. रिकामी पाटी तिला कोणी समजावून सांगायला नको.

हो, पिंजरा तो पिंजराच. 2016 मध्ये सोलहून आठ आले, त्यातली एक मादी काही महिन्यांत गेली, तेही मान्य. त्यावर भांडायचं तर भांडा, मीही येते. पण टक्कल म्हणून हसायचं?

रील टाकणाऱ्या काकांना चिडून लिहिणार होते. खोडलं. त्यांना तरी कोणी सांगितलं असणार?

परत येताना बसमध्ये आजीने विचारलं, "याची बंदी उठली की नारळ कोन सोडतं गो?"