पेजचा पासवर्ड भाच्याकडंय म्हणं!

हे रील काढून मार्केटिंग शिकवणारे लोक नेमक्या कुठल्या गावात धंदा करतात हो? "पहिल्या तीन सेकंदांत नजर पकडणारा हुक पाहिजे." "हॅशटॅग असे निवडा." "एआयला असं विचारा, महिनाभराच्या पोस्ट तयार." अरे बाबांनो, हुकचं नंतर बघू, आधी अकाउंटात शिरू तरी द्या! मी दुकानांच्या ऑनलाइन जाहिराती करतो. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, काम घ्या नाहीतर जालन्याच्या बियाणेवाल्याचं घ्या, सुरुवातीचे दिवस जाहिरात करण्यात जातच नाहीत. चावी कुणाकडंय हे शोधण्यातच जातात. आणि चावी असते भाच्याकडं.

प्रत्येक दुकानाला एक भाचा असतोच. बारावीच्या सुट्टीत त्यानं हौसेनं फेसबुक पेज काढलं, इन्स्टा उघडलं, गुगल मॅपवर दुकान टाकलं. मामांनी शंभराची नोट दिली, कौतुक झालं. मग पोरगं गेलं हिंजवडीला. आता ते दिवसभर मीटिंगमध्ये असतं आणि मामाचा फोन उचलत नाही. मग मामा मला म्हणणार, "तुम्हीच लावा की त्याला फोन, तुमचं कॉम्प्युटरचं बोलणं तुमचं तुम्हालाच कळतंय." मी लावतो. पोरगं म्हणतं, "दादा, मला काय आठवंना बघा. आईच्या नंबरवरनं काढलं होतं बहुतेक." बहुतेक! आणि आईचा तो नंबर कधीच बंद झालाय, कारण रिचार्ज महाग झालं म्हणून घरात एकच सिम ठेवलं. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. म्हणजे या दुकानाच्या पेजचा ओटीपी आज कुठल्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल, देव जाणे.

यंदाच्या पेरणीआधीचंच घ्या. औशाकडचं खत-बियाण्याचं दुकान. मृगाचा पाऊस तोंडावर, सोयाबीनचं बियाणं घ्यायला लोक निघालेत, जाहिरात आज गेली तर उपयोग. मालकांना फोन लावला तर ते लग्नात.

"अण्णा, आता एक ओटीपी येईल, तेवढा लगेच सांगा."

"थांबा हो, पंगत बसलीय. फोन गाडीतय."

फोन गाडीतनं येईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. "नंबर आला होता, पण वर निघून गेला." तिसऱ्याला अण्णांना एकदम कायदा आठवला, "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो म्हणून फोनवर सांगायलेत ना, मग तुम्ही कसं मागायलाव?" शेवटी त्यांनी दुसऱ्याच्या मोबाइलवरनं स्वतःच्या मोबाइलचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटोत मागं वाढपी दिसतोय, कोशिंबिरीची बादली दिसतीय, आणि ओटीपीच्या शेवटच्या दोन आकड्यांवर अण्णांचा अंगठा!

बरं, अण्णांचं म्हणणं चूक नाहीच. ओटीपी कुणालाच सांगू नये, मलासुद्धा. माझा संताप तोच आहे. मला ओटीपी लागायलाच नको. फेसबुक पेजला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतोच मुळी. माणूस आपल्या प्रोफाइलनं आत जातो आणि तिथं त्याला हक्क दिलेले असतात. मालकाला पूर्ण कंट्रोल, मला फक्त जाहिरातीपुरता. गुगलच्या बिझनेस प्रोफाइललाही तसंच, मालकाचे हक्क वेगळे, मॅनेजरचे वेगळे. माणूस जोडायचा, काम संपलं की काढून टाकायचा. हे कुणी एका रीलमध्ये तरी सांगितलंय का? नाही, कारण याला लाइक मिळत नाहीत. आणि मी समजावून सांगायला गेलो की शेठ डोळे बारीक करतात, "म्हणजे उद्या तुम्ही आमचं पेज घेऊन पळालात तर?" अहो, मी पळू नये म्हणूनच तर ती सोय केलीय! स्वतःच्या अकाउंटचा पासवर्ड मात्र बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला असतो, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असा. त्याची भीती नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या एका पैठणीवाल्यांची वेगळीच तऱ्हा. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, सरकारी पाट्या बदलल्या, यांच्या पिशव्यासुद्धा नव्या छापून आल्या. पण गुगलवरच्या वर्णनात अजून जुनंच नाव, वर फोन नंबर बंद, वेळ चुकीची. दुरुस्त का करत नाही? प्रोफाइल काढलं होतं जुन्या नोकरानं, त्याच्या जीमेलवर, आणि पगाराच्या भांडणातनं तो निघून गेला. मालकी मागायची सोय आहे. आपण विनंती टाकायची, आधीच्या मालकाला उत्तर द्यायला 3 दिवस असतात. हे सांगितलं तर शेठ मलाच म्हणतात, "त्याला विनंती? मी? त्याला?" घ्या! विनंती कॉम्प्युटर करणार आहे हो, तुम्हाला त्याच्या दारात जायचं नाहीये.

आणि दुकानासाठी म्हणून खास जीमेल काढून तो कधीच न उघडणाऱ्यांनी एवढं ऐका. 2 वर्षं न वापरलेली खाती गुगल डिसेंबर 2023 पासून पुसायला लागलंय. मेल गेला की त्याच्यावरच्या सगळ्याचीच वाट बिकट. त्या मेलमध्ये महिन्यातनं एकदा डोकावायला काय जातंय?

डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, तर बोलूच नका. एका क्लासवाल्यांची वेबसाइट ऐन ॲडमिशनच्या तोंडावर बंद. वेबसाइट बनवणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं, मुदत संपल्याचे मेल त्याला जायचे, तो दुकान गुंडाळून पुण्याला. क्लासचं नाव जिल्ह्यात गाजलेलं, भिंतीभिंतीवर टॉपरचे फोटो, आणि त्या फोटोंखाली छापलेला पत्ता उघडला की कोरं पान. सर मलाच विचारतात, "नेट स्लो आहे का?"

कार्ड? जाहिरातीला कार्ड लागतं ना. ते पोराचं. आपोआप कटणारी रक्कम 15,000 रुपयांच्या वर गेली की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. पोरगं परीक्षेला बसलेलं, फोन बंद, कॅम्पेन आडवं. आणि रात्री साडेदहाला शेठचा फोन, "जाहिरात का दिसंना? पैसे तर दिले की."

लोगोचं रडगाणं गात नाही, तो व्हॉट्सॲपवर वीस माणसांच्या हातनं फिरून येतो आणि वर "क्वालिटी का फुटायलीय" असं विचारतात.

या सगळ्या दगदगीवर मी एक कागद करून ठेवलाय. पेजचा मालक कोण, मेल कुठला, नंबर कुणाचा, डोमेन कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते. काम घेताना पुढ्यात ठेवतो, भरा म्हणतो. अण्णांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "भाचा दिवाळीला येणारय, त्याच्याकडनं भरून घेतो." दिवाळीला! खरीप जूनमध्ये पेरायचं असतं, अण्णा, हे मी तुम्हाला सांगायचं?

त्यानंतर काल, 16 सप्टेंबरला, रात्री त्यांचाच मेसेज. "उद्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची पोस्ट सकाळी सातच्या आत पडली पाहिजे. माझा फोटो मोठा घ्या, भाच्याचा बारीक टाकला तरी चालंल." सोबत लग्नातला फोटो, वाढप्यासकट.

टाकतो की, अण्णा. कुठं टाकू? मोंढ्याच्या गेटावर चिकटवू?